लाल पट्टीची नळी

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी आज माझं सिगारेटचं पाकीट जप्त केलं. जप्त! शाळेत बाई गोट्या काढून घ्यायच्या तसं. गोळ्यांचं कार्ड काढताना पर्समधून टेबलावर पडलं, एवढाच माझा गुन्हा.

त्याआधी सगळं कसं छान चाललं होतं. रक्ताचा रिपोर्ट झकास. विषाणू शोधूनही सापडत नाही म्हणाल्या. मी आपली शाबासकीची वाट बघत बसलेली. इतक्या वर्षांत एक गोळी चुकवली नाही — कुणाच्या लग्नाला गेले तरी पर्समध्ये, तापाने फणफणले तरी उशाशी. आणि नेमकं तेवढ्यात ते पाकीट!

"एचआयव्ही तुम्हाला मारणार नाही," बाई म्हणाल्या. मग बोट पाकिटावर. "ही मारेल."

मग समजावणं सुरू. विषाणू गोळ्यांनी दबला तरी शरीरात आत कुठेतरी बारीक सूज राहतेच. फुफ्फुसं आधीच नाजूक. त्यात रोजचा धूर. लोकांची सत्तरीत होते ती दशा आमची पन्नाशीच्या आत. कॅन्सरचा धोका वेगळाच. म्हणे या आजाराच्या माणसांची जेवढी वर्षं आजार खातो, त्याहून जास्त सिगारेट खाते.

मी म्हटलं, "बाई, मरायची तयारी ठेवा म्हणून मला एकदा सांगून झालंय. मी ठेवली नाही."

खरंच आहे ते. निदान झालं त्या वर्षी एक म्हातारा डॉक्टर कागदावरची मान वर न करता म्हणाला होता, "तयारी ठेवा." तो केव्हाच गेला बिचारा. मी आहे!

बाईंना हसू आलं नाही. माझी छाती ऐकली, भुवया वर. आता पुढच्या आठवड्यात मशीनमध्ये फुंकायची तपासणी. मला! फुंकायची! माझा जन्म काच फुंकण्यात गेला. माशाला म्हणे पोहायची परीक्षा.

निघताना म्हणाल्या, "का ओढता, याचा एकदा विचार करा."

विचार कसला करायचा? बाहेर पडल्यावर पहिल्याच टपरीवर नवीन पाकीट घेतलं.

१० फेब्रुवारी

विचार केला. झोपच येईना म्हणून केला, बाईंनी सांगितलं म्हणून नाही.

निदानानंतर जरा बरी होऊन कामावर परतले, तेव्हा कारखान्यात मीच सांगितलं होतं. लपवाछपवी माझ्याच्याने होत नाही. "कुठून आला?" "कुणामुळे?" — मी म्हटलं, आला तो आला, तुम्हाला पत्ता घेऊन काय करायचंय? मग काय! दुसऱ्या दिवशी माझा चहाचा कप खिडकीत वेगळा. तिसऱ्या दिवशी नळी.

लेथवर काचेची नळी फिरत असते, खाली जाळ, आणि टोकाला रबराची नळी जोडलेली. ती तोंडात धरून फुंकायचं, मग प्रयोगशाळेचे गोल चंबू तयार होतात. तोपर्यंत सगळ्यांना मिळून एकच नळी असायची. ज्याची पाळी त्याच्या तोंडात, फार तर बाहीला पुसून घ्यायची. साहेबांनी माझ्यासाठी नवी आणली. तिच्या तोंडाशी लाल पट्टी गुंडाळली आणि वेगळ्या खिळ्यावर टांगली. "गैरसमज नको करून घेऊस," म्हणाले. गैरसमज कसला! समजच समज.

त्या दिवशी सुट्टीत सगळे भिंतीकडे, मी एकटी भट्टीपाशी. बर्नरवर सिगारेट पेटवली. रडणार नव्हतेच.

तेवढ्यात लंबू आला. भट्टीवाला. आम्ही फुंकलेली काच त्याच्या भट्टीत हळूहळू निवते, म्हणजे आतला ताण जातो, नाहीतर नुसत्या वाऱ्याने तडकते. ताडमाड माणूस, कुणाशी चार शब्द बोलणारा नव्हे. समोर उभा राहिला. म्हणाला, "दे."

मला कळेचना काय द्यायचं ते. त्याने माझ्या बोटांतली सिगारेट काढून घेतली. माझी उष्टी, ओली, अर्धी झालेली. सगळ्यांसमोर तोंडाला लावली आणि ओढली. असा ठसका लागला त्याला! डोळे पाण्याने भरले. मी म्हटलं, "भारीतली आहे. फुकट्यांना सोसत नाही."

मग परत मला दिली. मग मी त्याला. भिंतीजवळचे सगळे बघत होते. बघा म्हटलं!

तेव्हापासून रोज एक. भट्टीच्या मागे, दोघांत एक. बाकीच्या मी एकटी ओढते त्या व्यसनाच्या, मान्य. ही एक व्यसनाची नाही. हिने मला माणसांत ठेवलं. "सोडा" म्हणजे काय सोडा, ते डॉक्टरीणबाईंना कोण सांगणार?

१६ फेब्रुवारी

मशीन नापास!

एक कोवळी पोरगी होती मशीनपाशी. नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. "मावशी, पूर्ण श्वास घ्या आणि जोरात सोडा. जोरात! जोरात! अजून, अजून, अजून!" इतकी ओरडली की शेजारच्या खोलीतला माणूस बघायला आला.

पण जोरात फुंकायचं कसं? आमच्या धंद्यात जोरात फुंकतो तो कच्चा. काच मऊ असते तेव्हा हवा गालात धरायची आणि जिभेच्या मागून थेंब थेंब सोडायची. छातीला तर कळूही द्यायचं नाही. तोंडात नळी आली की माझे गाल आपोआप तसेच होतात, मी काय करू? मी अशी सुंदर, एकसारखी, लांबच लांब फुंकर घातली की एखादा चंबू झाला असता झक्क. पोरगी पडद्याकडे बघून कपाळाला हात लावते!

पुन्हा. पुन्हा. मशीन म्हणे, वाचता येत नाही. मी म्हटलं, "अगं, अडाणी आहे तुझं मशीन. त्याला कारागिराची फुंकर कळत नाही."

पुन्हा बोलावलंय. बोलवा.

१७ फेब्रुवारी

लंबूला सगळं साभिनय सांगितलं. म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." एवढंच. आणि माझ्या हातातली घेतली.

ओढतो मात्र विचित्र. धूर तोंडातल्या तोंडात खेळवतो आणि सोडून देतो. "गिळ की!" म्हटलं, "पैसे पडतात त्याला." स्वतःच्या पाकिटातली कधी एक काढील तर शपथ. कंजूष मेला!

२१ फेब्रुवारी

धाकटी आली होती. माझी सख्खी बहीण, पण सुट्टीच्या दिवशी सासू होऊन येते. आल्या आल्या खिडक्या उघडल्या, उशीचा वास घेतला, राखेची वाटी घासून पालथी घातली.

"ताई, बाईमाणूस असून —"

"फुफ्फुसाला काय ठाऊक बाईचं की बाप्याचं!"

"जिना चढताना मध्ये बसतेस तू. मला खालच्या मजल्यावरच्यांनी सांगितलं."

खालच्या मजल्यावरच्यांना दुसरे उद्योग नाहीत. मी बसत नाही, टेकते.

मग ती मोरीकडे वळली. भांडी घासत राहिली पाठ करून. पाठ हलत होती. निदान झालं तेव्हा मी नुसता सापळा राहिले होते. हिने मला कडेवर घेतल्यासारखं न्हाणीघरात नेलंय, माझं सगळं केलंय, कधी नाक मुरडलं नाही. म्हणाली, "एकदा तुला ओढून आणलं मी. आता माझ्यात जोर नाही गं."

मी खिडकीत जाऊन उभी राहिले. पेटवली नाही. पण ती गेल्या गेल्या पेटवली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते माझ्याच कुंडलीत लिहिलंय.

१ मार्च

घात झाला आज.

मोठ्या गोल चंबूचं काम होतं. कारखान्यात एवढा मोठा मीच फुंकते, दुसरं कुणी हात लावत नाही. लाल पट्टीची नळी तोंडात. काच फिरतेय, मधासारखी मऊ झालीय, फुगतेय, एकसारखी, देखणी. अजून थोडंच. आणि छातीत ते सुरू झालं. खालून वर खरवडत आलं. मी दाबलं. डोळे बाहेर यायला झाले, पण दाबलं. आणि मग नाहीच दाबलं गेलं.

खोकले. नळीतच!

ती सगळी हवा थेट काचेत. चंबूच्या कुशीत टचकन टेंगूळ आलं, पोराच्या कपाळावर येतं तसं. जाळ बंद केला तोवर ते घट्टही झालं होतं.

वीस वर्षांत माझ्या हातून असलं काही झालं नव्हतं. साहेब मागेच उभे होते, नशीबच थोर. आत बोलावलं. आवाज असा गोड की मला तेव्हाच कळलं. "आता जरा आराम पडेल असं काम घे. पॅकिंगला माणूस हवाच आहे."

पॅकिंग! भुसा भरायचा आणि खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या! मी म्हटलं, "साहेब, तुम्ही मला वेगळी नळी दिलीत तेव्हा मी गप्प बसले. पण लेथवरून उठवायचं असेल तर लेथसकट उठवावं लागेल." दार आपटलं नाही. आपटायला हवं होतं.

साहेब म्हणाले, महिनाअखेरीस पुन्हा असाच एक चंबू आहे. तो नीट झाला तर बघू.

बघूच!

३ मार्च

लंबूने तो टेंगळाचा चंबू भंगारात टाकू दिला नाही. गुपचूप भट्टीत घातला, नीट निववला आणि आज कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"कशाला हा?"

"तुझा खोकला आहे. घरी ने."

असा राग आला! रस्त्यात फोडून टाकणार होते. नाही फोडला. खिडकीत ठेवलाय. उजेड त्या टेंगळापाशी येऊन वाकडा होतो.

९ मार्च

हात दाखवून अवलक्षण.

पुन्हा तीच पोरगी. या वेळी ती शहाणी झालेली. म्हणाली, "मावशी, तुम्ही काच फुंकता ना? मग आज काच फोडायचीय असं समजा. एका फुंकरीत फुटली पाहिजे."

जन्मभर न फोडायला शिकले आणि आज फोडायला सांगते! पण मला जिद्द चढली. म्हटलं, बघच आता. गाल आवळले, पोटातून हवा काढली, आणि सोडली. फाडकन! पोरीने टाळी वाजवली. मशीनने वाचलं. मग तोंडात औषधाचा फवारा मारून पुन्हा फुंकायला लावलं. तेही वाचलं. मी छाती पुढे काढून बसले.

मग आत. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे फिरवला. माझ्या वयासमोर सत्तेचाळीस. आणि खाली, फुफ्फुसांचं वय — एकाहत्तर.

मी म्हटलं, "हे दुसऱ्या कुणाचं असेल."

"नाही. या वेळी तुम्ही अगदी बरोबर फुंकलंत."

म्हणजे मीच पुरावा दिला! त्या सांगत होत्या, हवा आत अडकून राहतेय, नळ्या अरुंद झाल्यात, काही भाग ढिला पडलाय. गेलं ते परत येणार नाही. आज सोडली तर उतरण मंदावेल. खोकला कमी होईल. लेथ आणखी बरीच वर्षं तुमचंच. नाही सोडली तर — पुढचं ऐकलं नाही. मला माझ्या आईचं वय आठवत होतं. ती गेली तेव्हाही एकाहत्तरची नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर बसून लागलीच एक ओढली. मुद्दाम. दवाखान्याकडे तोंड करून! अर्ध्यात खोकला आला, तो थांबेच ना. एक अनोळखी म्हातारा थांबून म्हणाला, "पाणी हवंय का, आजी?"

आजी!

भीती वाटली मला आज. इथे लिहून ठेवते. तोंडाने कुणाला सांगणार नाही.

१० मार्च

ठरलं. सोडणार. कुणी सांगितलं म्हणून नाही, त्या पॅकिंगच्या खोक्यांसाठी सोडणार. साहेबाला माझ्या जागी दुसरं कुणी बसलेलं बघायला मिळू देणार नाही. एका आजाराला सगळा जोर लावून मला उठवता आलं नाही. आणि ही बोटभर कागदाची सुरळी उठवणार? हिची काय टाप!

पण माझ्या अटीवर.

बाईंना फोन केला. म्हटलं, सगळ्या सोडते, एक ठेवते. दिवसाची एक. त्यातलीही अर्धीच.

"एकही नको. एक राहिली की बाकीच्या तिच्या मागून येतात."

"नाही येणार. ती एक माझी नाहीच आहे."

"मग कुणाची आहे?"

सांगितलं नाही. त्यांनी निकोटिनचं च्युइंग गम आणि पट्ट्या लिहून दिल्या. माझ्या गोळ्यांबरोबर चालतं म्हणाल्या.

१२ मार्च

मला कुणी काही विचारू नका, बोलू नका, माझ्यासमोर श्वासही घेऊ नका.

१३ मार्च

धाकटीचा फोन. "कशी आहेस?" विचारलं म्हणून भांडले.

१५ मार्च

साहेबांचं पेन खिडकीतून बाहेर टाकलं. ते टिकटिक करत होते. मग जाऊन आणून दिलं. साहेब म्हणाले, "काय झालंय?" म्हटलं, "सत्तेचाळीसची व्हायचा प्रयत्न करतेय."

गम चघळून जबडा दुखतो. रवंथ करणारी म्हैस झालेय नुसती.

दिवसाची एक मात्र चालू. भट्टीमागे, लंबूबरोबर. दिवसभर तिच्याकडे डोळे लावून बसते, खोटं कशाला सांगू?

२० मार्च

मला वास यायला लागले! भट्टीच्या तापल्या विटांना वास असतो. पावाला असतो. आणि माझ्या गोधडीला असा असतो की मी सकाळीच ती भिजत घातली. धाकटी बरोबर म्हणत होती. तिला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

जिन्यात टेकले नाही आज. खालच्या मजल्यावरच्यांचं दार किलकिलं होतं. मुद्दाम गाणं गुणगुणत चढले. वर येऊन धापा टाकल्या, पण दार लावून.

२६ मार्च

जमला!!

तसाच मोठा चंबू. साहेब मागे हाताची घडी घालून. सगळ्यांनी आपापली कामं हळू केलेली, मला काय दिसत नाही? लाल पट्टीची नळी खिळ्यावरून काढली, तोंडात धरली. काच मऊ झाली. छातीत जरा खरवडलं. मी मनात म्हटलं, खबरदार! ते थांबलं. काच फुगत गेली, फुगत गेली. आणि असा गोल, असा गोल आला की त्यात साहेबांचा चेहरा उलटा दिसत होता.

साहेब म्हणाले, "पॅकिंगला दुसरा माणूस बघतो." मी म्हटलं, "बघा. उंच असला तर बरं, वरच्या खोक्यांना हात पोचेल."

सुट्टीत भट्टीमागे गेले. पेटवली आणि लंबूला आधी दिली, आज मान त्याचा. म्हटलं, "लंबू, बाकीच्या सगळ्या बंद केल्या मी."

तो बघतच राहिला. "सगळ्या?"

"सगळ्या. ही सोडून."

"डॉक्टरीण काय म्हणते?"

"म्हणते एकही नको. तिला काय माहीत! ही नाही सोडायची. ही तुझ्यासाठी आहे. मी सोडली तर तू एकटा काय करशील इथे?"

त्याने सिगारेटचं टोक निरखून पाहिलं. मग म्हणाला, "तू म्हणशील तसं." आणि ओढली. ओढताना डोळे मिटून घेतो, औषध पिताना मिटतात तसे. मी म्हटलं, "फुकटात मिळतेय तर तोंड तरी गोड कर." हसला.

२९ मार्च

लंबू आला नाही. ताप आहे म्हणे. भट्टीवर दुसराच कुणीतरी, दोन चंचुपात्रं तडकवली त्याने.

३० मार्च

आजही नाही. सुट्टीत भट्टीमागे गेले. सिगारेट काढली, बर्नरपर्यंत नेली. परत पाकिटात ठेवली. एकटीने ओढावीशी वाटेना. माझी नाहीच ती.

३१ मार्च

तिसरा दिवस. त्याच्याकडे जावं म्हणतेय. इतक्या वर्षांत त्याच्या घरी पाऊल टाकलेलं नाही. त्याने बोलावलं नाही असं नाही, घसा कोरडा केला बोलावून. मीच ताठले. लोकांच्या घरी जायचं आणि आपल्याला कुठला कप देतात ते बघत बसायचं, हे मला होत नाही. वाईट कप दिला तर राग येतो आणि चांगला दिला तर तो नंतर फेकतील का असं मनात येतं. त्यापेक्षा नकोच.

पण हा तर लंबू! उष्टं खाल्लेला माणूस माझं.

आजाऱ्याला लोक फळं नेतात. मी पाकीट नेणार आहे, अख्खं. तीन दिवस घरात पडून तळमळत असेल बिचारा. मला विचारा तळमळ म्हणजे काय ते! घरचे हातात काडेपेटीही देत नसतील. गुपचूप उशीखाली सरकवीन.

१ एप्रिल

लंबू झोपला होता. वहिनीने चहा दिला. तिच्या स्वतःच्या कपासारखाच कप. दोघी ओट्यापाशीच बसलो. मी म्हटलं, वहिनी, रागावू नका, आणि पाकीट पुढे केलं.

ती पाकिटाकडे बघतच राहिली. मग हसायला लागली. "ह्यांना? अहो ताई, ह्यांना वासाने मळमळतं. आयुष्यात कधी शिवले नाहीत. तुमच्या हातची ती एक सोडून." मग म्हणाली, "पहिल्या दिवशी घरी येऊन भडाभडा ओकले होते. म्हटलं, झेपत नाही तर ओढलीत कशाला? तर म्हणाले, तिच्या हातचं कुणी काही घेत नव्हतं."

चहा पूर्ण प्याले. पाकीट वाटेतल्या गटारात.

बरा होऊन येऊ दे त्याला. रिकाम्या हाताने जाणार आहे भट्टीमागे. सांगणार आहे, लंबू, बास झालं. सगळ्यांसमोर माझं उष्टं तोंडाला लावायचंच असेल, तर खिळ्यावर लाल पट्टीची नळी आहे.